दोन खोल्यांचे संग्रहालय आणि बारा विद्यार्थ्यांचे पत्र : आंतरवासितेची आखणी कशी करावी?

मासुंदाकाठ

नमस्कार.

ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या विश्वस्त संस्थेचे दोन खोल्यांचे संग्रहालय आहे आणि संस्थेची कार्यवाह या नात्याने त्याचे कामकाज माझ्याकडे आहे. संग्रह आटोपशीर आहे : शिलाहार राजवटीच्या काळातील समजले जाणारे दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि एक गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड), तांब्याच्या नाण्यांचे काही ट्रे (त्यांत शिवराई नावाची नाणी बरीच), तांब्यापितळेची घरगुती भांडी, पोथ्यांचे एक कपाट, जुनी छायाचित्रे आणि खाडीलगतच्या मिठागरांतून व कोळीवाड्यांतून आलेली काही अवजारे. पूर्णवेळ माणूस एकच. तोच सकाळी कुलूप उघडतो, तोच शाळांच्या सहली फिरवतो आणि वीजबिलही तोच भरतो. मी आठवड्यातील तीन दुपारी तेथे असते. दाखल नोंदवही आहे, परंतु १९८०च्या दशकानंतर ती तुटक भरली गेली असून अनेक वस्तूंपुढे 'देणगी' एवढाच शेरा आहे. कोणी, केव्हा आणि कोठून दिली याचा उल्लेख नाही.

अलीकडे जवळच्या एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचे पत्र आले. त्यांच्या बारा विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग'साठी (ओजेटी, म्हणजेच आंतरवासिता) आमच्याकडे घ्यावे, प्रत्येकाने १२० तास काम करावे आणि शेवटी आम्ही प्रमाणपत्र व गुण द्यावेत, अशी विनंती त्यात आहे. आमच्या विश्वस्तांत यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते बारा जोडी हात फुकटात चालून येत असताना नाही म्हणण्याचे कारण नाही. उरलेल्यांना वाटते की एखादी वस्तू फुटली अथवा गहाळ झाली तर संस्थेची अब्रू जाईल. मला स्वतःला वेगळीच काळजी आहे. जे विद्यार्थी भेटून गेले, त्यांना शिलाहारांवर संशोधन करायचे आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट आणि अंबरनाथच्या मंदिरातील शके ९८२चा शिलालेख यांविषयी ते उत्साहाने बोलत होते. यांपैकी काहीही आमच्याकडे नाही, आणि आमची खरी निकड कपाटातील वस्तूंची यादी पुरी होण्याची आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणचे नमुने डोळ्यांपुढे आहेत, परंतु तेथे शिक्षण विभाग वेगळा, संवर्धनाची प्रयोगशाळा वेगळी. आमच्या अंगाला तो सदरा बसणार नाही. किती विद्यार्थी घ्यावेत, त्यांना नेमके कोणते काम द्यावे, पैशांचे काय करावे आणि कागदपत्रे कोणती असावीत, याविषयी लहान संस्थांतील अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

खाडीपल्याड

ताई, नवी मुंबईत अशाच एका छोट्या संग्रहाचे काम मी पाहतो, तेव्हा आपली अडचण पुरेपूर ओळखीची आहे. माझे पहिले म्हणणे असे की बारा विद्यार्थी घेऊ नका, तीन घ्या, आणि तेही पहिल्या वर्षी. बारा विद्यार्थी गुणिले १२० तास म्हणजे १,४४० तासांचे काम होते. ते करून घेण्यासाठी टेबले आणि खुर्च्या उसन्या आणता येतील, परंतु प्रत्येक नोंद तपासणारी नजर उसनी आणता येत नाही. आपल्याकडे ती नजर आठवड्यातील तीन दुपारींपुरतीच आहे. नवखा विद्यार्थी पहिल्या दिवसांत तासाला जेमतेम एक वस्तू नीट नोंदवतो आणि त्या एका नोंदीत तीन चुका असतात. त्या त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून दुरुस्त झाल्या नाहीत, तर पुढच्या पन्नास नोंदींत त्याच तीन चुका उतरतात. न तपासलेली यादी नसलेल्या यादीपेक्षा वाईट, कारण पुढे येणारा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

काम कोणते द्यावे, याचे उत्तर आपण प्रश्नातच दिले आहे. दाखल नोंदवही हेच काम. मात्र 'नोंदवही पूर्ण करा' असे सांगून विद्यार्थ्याला कपाटासमोर बसवू नये. त्याच्या १२० तासांत सुरू होऊन संपेल असा एक तुकडा त्याच्या नावे करावा : नाण्यांचा एक ट्रे, छायाचित्रांचा एक अल्बम किंवा एका घराण्याकडून आलेली भांडी. तुकडा संपला की त्याची यादी, छायाचित्रे आणि दोन पानांचे टिपण असा ऐवज तयार व्हावा, आणि त्यावर विद्यार्थ्याचे नाव असावे. अर्धवट राहिलेले मोठे काम पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

शिवराईचेच उदाहरण घ्या, म्हणजे 'नुसती यादी' म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यातील संशोधन दिसेल. एका नाण्याचे कार्ड भरताना वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत घ्यावे (सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो), व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, आणि मग लेखाकडे वळावे. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. परंतु नाणे छापापेक्षा लहान असल्याने वर्तुळ बहुधा अर्धेच उमटलेले असते आणि कधी एखादे अक्षरच कडेबाहेर गेलेले असते. विद्यार्थ्याने जे दिसते तेवढेच लिहावे, जे असायला हवे ते लिहू नये. दुसऱ्या बाजूला दोन ओळींच्या मध्ये आडव्या दोन रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, आणि ती शिवकालानंतरची आहे. शिवराई या नावाने नाणी पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती, म्हणून कार्डावर सरसकट 'शिवकालीन' असा शेरा मारण्याचा मोह आवरणे, हा त्या विद्यार्थ्याचा इतिहासलेखनाचा पहिला धडा ठरतो. शेवटच्या रकान्यात नाण्याची प्रकृती लिहावी. गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवट थर असेल तर चिंता नाही. पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणे तत्काळ वेगळ्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवावे, कारण दमट हवेत तो क्षार तांबे आतून खात राहतो. आणि चिंच-मिठाने नाणी लख्ख करण्याची हौस कोणालाही, विश्वस्तांना तर मुळीच, करू देऊ नये.

आता आमच्याकडील एक प्रसंग सांगतो. कोळीवाड्यातून आलेल्या एका जाळ्यापुढे आमच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे 'मासेमारीचे जाळे, सुती' एवढेच लिहिलेले होते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. तिने जाळ्याचा घेर चाचपला, कडेने ओवलेल्या शिशाच्या गोळ्या दाखवल्या आणि म्हणाली, 'सर, हा पाग आहे. किनाऱ्यावर उभे राहून फेकतात तो. डोल असता तर पिशवीसारखा असता आणि त्याला खुंट लागले असते.' नंतर तिने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गोळ्या कशा ओततात आणि जाळे कशात रंगवतात हेही टिपून आणले. हे ज्ञान आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. म्हणून निवड करताना गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व मी विद्यार्थी कोणत्या वस्तीतून येतो आणि घरी कोणती बोली बोलतो याला देतो. आपल्याकडे मिठागरांची अवजारे आहेत. त्यांच्यासाठी आगरी घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी मिळाली तर सोडू नका.

जाता जाता एक तांत्रिक मुद्दा. सगळी यादी युनिकोड मराठीतच टंकित करून घ्या. आमची एक जुनी यादी त्या काळच्या डीटीपी फाँटमध्ये होती. संगणक बदलल्यावर ती अगम्य चिन्हांची रांगोळी झाली. साधी स्प्रेडशीट सुरुवातीला पुरेशी आहे. पुढे वाढवायचे झाल्यास पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी केलेली 'जतन' ही प्रणाली आहे. तिच्यात कोणते रकाने असतात हे आधी पाहून स्प्रेडशीटचे रकाने तसेच ठेवले, तर नंतर दुहेरी मेहनत वाचते.

कळव्याचा मास्तर

मॅडम, मी महाविद्यालयाच्या बाजूने लिहितो. पत्र पाठवणाऱ्या विभागाचा हेतू चांगला असला तरी त्यांच्यावरही दडपण असते, हे ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार अभ्यासक्रम बदलल्यापासून कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग अशा तिन्ही गोष्टी श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) आल्या आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांना बँका आणि लेखापरीक्षकांची कार्यालये सापडतात. इतिहास, संस्कृत आणि मराठीच्या मुलांना कोठे पाठवायचे, हा आमच्यापुढचा यक्षप्रश्न असतो. त्यामुळे एक संग्रहालय सापडले की सगळा वर्ग तेथेच धाडण्याकडे कल होतो. आपण तीनच घेऊ म्हणालात तर कोणी नाराज होणार नाही. उरलेल्या नऊ जणांना क्षेत्र प्रकल्पाखाली बाहेरचे काम देता येते, उदाहरणार्थ शहरातील आणि आसपासच्या गावांतील उघड्यावरच्या वीरगळांची मोजमापे व छायाचित्रे घेणे. त्याला आपल्या दोन खोल्यांची गरज लागत नाही आणि शिलाहारांची त्यांची हौसही भागते.

तासांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आंतरवासितेचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तासांचे काम. चार श्रेयांकांचे १२० तास होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला आठ तास पडतात, म्हणजे चार-चार तासांच्या दोन दुपारी. आपण तीन दुपारी असता, तेव्हा हे गणित आपोआप जुळते. सुटीत सलग तीन आठवडे रोज आठ तास असा दुसरा मार्ग काही महाविद्यालये सुचवतील, पण लहान संग्रहालयाने तो स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सलग कामात तपासणी मागे पडते, आणि शिकलेले मुरायला मध्ये जे दोन-तीन दिवस लागतात ते मिळत नाहीत.

विभागाशी करार करताना तीन बाबी लेखी मागून घ्याव्यात : महाविद्यालयाकडून जबाबदार अध्यापक कोण, तो सत्रातून किती वेळा प्रत्यक्ष येणार, आणि गुणांपैकी किती आपल्या हातात. शेवटची बाब नाजूक आहे. बहुतेक संस्था सर्वांना सारखेच भरघोस गुण देऊन मोकळ्या होतात. त्याने चांगल्या मुलांवर अन्याय होतो. विद्यार्थ्याने रोजच्या कामाची डायरी ठेवावी, तिच्यावर दर आठवड्याला आपली सही असावी, आणि गुण त्या डायरीवरून व झालेल्या तुकड्यावरून द्यावेत. डायरीत 'आज नोंदी केल्या' असे वाक्य दिसले की मी ती परत पाठवतो. कोणत्या वस्तू, काय अडले, कोणाला विचारले, हे आलेच पाहिजे.

मासुंदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीनचा आकडा विश्वस्तांपुढे मांडता येईल असे वाटते. तथापि दोन शंका उरतात. पहिली, प्रत्यक्ष वस्तू विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्या टप्प्यावर द्याव्यात? आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात की मुलांनी केवळ छायाचित्रांवरून नोंदी कराव्यात. दुसरी, विद्यावेतनाची. आमचे वार्षिक अंदाजपत्रक देणग्यांवर आणि थोड्याशा ठेवींच्या व्याजावर चालते. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून काही साहाय्य मिळेल का, असे कोणीतरी सुचवले आहे.

ओजेटीवाली

मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी अशाच प्रशिक्षणातून गेलेली विद्यार्थिनी आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. आमच्या वर्गातील काही जणांना ज्या संस्थेत पाठवले होते तेथे त्यांनी पूर्ण सत्र वार्षिक समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहिण्यात आणि खुर्च्या मांडण्यात घालवले. प्रमाणपत्रावर मात्र 'संग्रह व्यवस्थापन' असे छापून आले. एका मुलाखतीत त्याविषयी पहिलाच प्रश्न विचारला गेला तेव्हा माझ्या मैत्रिणीला काय सांगावे ते सुचेना. त्यामुळे प्रमाणपत्रावर झालेले काम जसेच्या तसे लिहावे. 'तांब्याच्या नाण्यांची मोजमापे, वर्णन आणि छायाचित्रण केले. मराठीत सूची तयार केली' अशा दोन ओळींना पुढे नोकरीत आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी जे मोल येते, ते सोनेरी किनारीच्या कागदाला येत नाही.

पैशांविषयी माझे मत खाडीपल्याड सरांनी न मांडलेल्या मुद्द्यापासून सुरू होते. त्यांनी विद्यार्थी कोणत्या वस्तीतून येतो ते पाहा असे लिहिले, आणि ते अगदी योग्य आहे. पण ज्या वस्त्यांतून असे विद्यार्थी येतील तेथील मुले दुपारी कोठे ना कोठे काम करतात. माझ्या वर्गातील निम्मी मुले कॉलेज सुटल्यावर शिकवण्या घेत, दुकानात बसत अथवा घरोघरी पार्सले पोहोचवत. आठवड्यातील दोन दुपारी फुकट काम करायचे म्हणजे त्या दोन दुपारींची कमाई सोडायची. काहीच मोबदला दिला नाही, तर आपल्याकडे नौपाड्यातील आणि घोडबंदर रस्त्यावरील सुखवस्तू घरांतली मुलेच येतील. दिवाळ्याची ती मुलगी येणार नाही आणि पाग हा जाळ्याचा एक प्रकार आहे हे कोणालाच कळणार नाही. तीनऐवजी दोन विद्यार्थी घ्यावे लागले तरी चालेल, पण रेल्वेचा पास, दुपारचे खाणे आणि तुकडा पूर्ण झाल्यावर एक ठरलेली रक्कम एवढे तरी असावे. ही रक्कम एखाद्या देणगीदाराच्या नावे ठेवता येते. ज्यांना संगमरवरी पाटीवर नाव हवे असते, त्यांना 'अमुक स्मृती विद्यावेतन' हे नावही आवडते, असे माझे निरीक्षण आहे.

आणखी एक. पहिल्या दिवशी आम्हाला संपूर्ण संग्रहालय कोणीतरी शांतपणे फिरवून दाखवले होते, कुलूपबंद कपाटांसह. या वस्तू का जमवल्या गेल्या, कोणी जमवल्या, कोणत्या वस्तूवरून संस्थेत वाद झाले, हे सर्व त्या दिवशी ऐकले. त्यानंतर पुढे कंटाळवाणे मोजमाप करतानाही आपण कशाचा भाग आहोत हे लक्षात राहत असे. तो एक दिवस वाचवू नये.

खाडीपल्याड

विद्यावेतनाविषयी या मुलीने लिहिलेले मला मान्य आहे.

वस्तू हाताळण्याविषयी : छायाचित्रांवरून नोंदी करायच्या असतील तर विद्यार्थ्यांची गरजच नाही. छायाचित्रात वजन दिसत नाही, मागची बाजू दिसत नाही, सुटणारी भुकटी दिसत नाही. उलट पहिल्याच दिवशी हातात नाणी देणेही बरे नाही. मी क्रम असा ठेवतो की पहिले दोन आठवडे दमटपणा आणि तापमान यांच्या नोंदी, काचपेट्यांच्या कोपऱ्यांतील कसर आणि वाळवी यांची पाहणी, आणि आपल्याकडील जुन्या नोंदवहीचे टंकलेखन. दमटपणा मोजणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत येते. ठाण्याच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते आणि तेथूनच बुरशीची सुरुवात होते. खोलीच्या कोणत्या भिंतीशी आकडा चढतो हे आठवडाभर टिपले, की पोथ्यांचे कपाट कोठून हलवायचे ते विद्यार्थीच सांगतात. हे काम वस्तूला हात न लावता होते आणि त्यातून मुलांची बैठक कळते. ज्याच्या आर्द्रतेच्या नोंदींत तीन दिवस तोच आकडा दिसतो, त्याच्या हाती नाण्यांचा ट्रे द्यायचा नाही, इतका साधा निकष मी लावतो.

त्यानंतर हाताळणी शिकवताना एखादे बाजारातून आणलेले साधे पितळी भांडे घेऊन सराव करून घ्यावा. वस्तू कान, मूठ किंवा कडी धरून उचलायची नाही, तळाला एक हात असलाच पाहिजे; टेबलावर जाड फेल्ट अथवा फोमचा थर हवा; वस्तूच्या आसपास शाईचे पेन नको, केवळ पेन्सिल. धातूच्या वस्तूंना नायट्राइलचे हातमोजे, कारण हाताचा घाम तांब्यावर डाग पाडतो. पागासारख्या शिसे असलेल्या वस्तूंनाही तेच, पण तेथे ते वस्तूसाठी नसून मुलांच्या आरोग्यासाठी. कागदाला मात्र स्वच्छ धुतलेले, कोरडे हात चांगले, मोज्यांनी जुन्या पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. एका वेळी टेबलावर एकच ट्रे, आणि ट्रे परत ठेवल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. खोलीत विद्यार्थी एकटा कधीही नसावा. हा नियम अविश्वासातून आलेला नाही. काही गहाळ झाल्याचा संशय आलाच तर त्याचे किटाळ एकट्या मुलावर येऊ नये म्हणून तो आहे, आणि तो तसाच त्यांना सांगावा.

वस्तूवर क्रमांक घालण्याचे काम सत्राच्या अगदी अखेरीस, आणि आपल्या देखत. पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर त्यावर बारीक क्रमांक, आणि वर पुन्हा एक थर, म्हणजे पुढे कधी क्रमांक काढायचा झाल्यास वस्तूला इजा न होता अॅसिटोनने निघतो. नाण्यांवर काहीही लिहू नये, क्रमांक पाकिटावर. कापडाला सुती फितीवर लिहून ती टाचावी. सेलोटेप संग्रहालयाच्या आवारातच ठेवू नये.

छायाचित्रे मोबाइलवर काढली तरी चालतात, फक्त प्रत्येकात सेंटिमीटरची पट्टी दिसावी, फ्लॅश नसावा आणि फाइलचे नाव दाखल क्रमांकाचेच असावे.

कलम सतरा

व्यवसायाने वकील आहे आणि काही धर्मादाय न्यासांचे काम पाहतो, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचा विचार सोडून द्यावा. या योजनेत बारावी उत्तीर्ण, आयटीआय-पदविका आणि पदवीधर यांना अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले होते, पण शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्याला तीत प्रवेश नाही. आपले तिघे महाविद्यालयात शिकत आहेत, त्यामुळे प्रश्न तेथेच मिटतो.

विद्यार्थ्याशी होणारा करार एका पानाचा पुरेसा आहे : कालावधी, वेळ, देय रक्कम, पर्यवेक्षकाचे नाव, आणि झालेल्या कामाची मालकी. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. कॉपीराइट कायदा, १९५७च्या सतराव्या कलमानुसार नोकरीत किंवा उमेदवारीत (अॅप्रेंटिसशिपमध्ये) केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळे ठरले नसल्यास, मालकाकडे जातो. परंतु महाविद्यालयाने पाठवलेला, श्रेयांकांसाठी काम करणारा विद्यार्थी या चौकटीत बसतो की नाही, यावर उद्या वाद होऊ शकतो. तेव्हा सूची आणि छायाचित्रे वापरण्याचा अधिकार संस्थेला राहील व प्रत्येक वापराच्या वेळी विद्यार्थ्याचे नाव दिले जाईल, असे आजच लिहून घ्यावे. सोबत एक अट अवश्य घालावी की देणगीदारांचे पत्ते, वस्तू कोठे ठेवल्या आहेत याचे तपशील आणि कुलूपबंद कपाटांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर जाणार नाहीत. आजकाल मुलांच्या हातून रील निघायला पळभर पुरतो.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण म्हणून दारे बंद होत नाहीत. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या समितीचा पत्ता आणि दूरध्वनी दर्शनी भागात लावावा आणि पहिल्या दिवशी मुलींना, मुलांनाही, दाखवावा. ज्येष्ठ विश्वस्त 'आपल्याकडे असले काही नसते' असे म्हणतील. तरीही लावावा.

या निमित्ताने आपल्या संग्रहाची एक कायदेशीर बाजूही मार्गी लागू शकते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात, आणि ऐतिहासिक अथवा साहित्यिक मूल्य असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांपैकी दगड, धातू, लाकूड इत्यादींची शिल्पे, चित्रे आणि सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांची नोंदणी खासगी संस्थांनाही करावी लागते. वीरगळ आणि गधेगाळ यांची ती झाली आहे का, हे जुन्या फायलींत पाहावे. झाली नसेल तर अर्जासाठी मोजमापे, वर्णन आणि छायाचित्रे लागतात, आणि ती नेमकी तुमचे विद्यार्थी तयार करणार आहेत.

मासुंदाकाठ

सर्वांचे उत्तर वाचून विश्वस्तांची बैठक झाली. तीन विद्यार्थी, आठवड्यातील दोन दुपारी, आणि प्रत्येकाच्या नावे एक तुकडा : नाण्यांचे दोन ट्रे एकाकडे, मिठागर व कोळीवाड्याची अवजारे दुसऱ्याकडे, वीरगळ-गधेगाळ आणि त्यांच्या नोंदणीची कागदपत्रे तिसऱ्याकडे. प्रवासखर्चाचे आणि खाण्याचे संस्था पाहील. पूर्ततेची रक्कम एका विश्वस्तांनी आपल्या आईच्या नावे देऊ केली आहे. नऊ विद्यार्थ्यांच्या क्षेत्र प्रकल्पाविषयी विभागाला वेगळे पत्र लिहीत आहे. एकच विचारायचे राहिले. पोथ्यांचे कपाट या वर्षी उघडावे का? एका विद्यार्थिनीला मोडी येते आणि ती फार आग्रह करीत आहे.

खाडीपल्याड

या वर्षी नको. आधी एका पावसाळ्याचे आर्द्रतेचे आकडे हाती येऊ द्या आणि कपाट योग्य भिंतीला लागू द्या. पोथ्यांची पाने सुटी असतात, क्रम एकदा बिघडला की तो लावणारा जाणकार मिळेपर्यंत पोथी निकामी होते. तीन नवख्या विद्यार्थ्यांसोबत तो धोका पत्करण्याचे कारण नाही. मोडी येणाऱ्या मुलीला मात्र दवडू नका. तुमच्या जुन्या नोंदवहीत किंवा देणगीच्या पत्रव्यवहारात मोडीतली पाने निश्चित असतील, छायाचित्रांच्या पाठीमागेही असतात. ती तिला वाचायला द्या, म्हणजे 'देणगी' एवढ्याच शेऱ्याच्या काही वस्तूंचे मूळ घर सापडण्याची शक्यता आहे. पोथ्यांसाठी तिला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा, आणि तेव्हा दुसऱ्या नवख्या मुलाला तिच्या हाताखाली द्या.

कळव्याचा मास्तर

मोडीच्या मुलीविषयी एक सुचवतो. ठाण्यातच १८९३पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिला तेथील जुनी नियतकालिके आणि जिल्ह्याविषयीची पुस्तके पाहण्यासाठी आपल्या संस्थेचे परिचयपत्र द्यावे आणि तेथे बसलेले तासही १२०मध्ये धरावेत. विभागाला हे चालते, फक्त डायरीत त्या दिवशी काय वाचले ते लिहिलेले असावे. आणि पत्र पाठवताना सत्र सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी पाठवा. परीक्षा आणि दिवाळीची सुटी यांच्या तारखा आमच्याकडे ऐनवेळी बदलतात, त्या गृहीत धरून पंधरा आठवड्यांचे वेळापत्रक सतरा आठवड्यांवर पसरून ठेवलेले बरे.